वराहफार्मचे रक्त तपासायचे, पण कशासाठी?

डिसेंबर २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग गळती आणि तीन-चार दिवसांत टक्कल. बातमी वाहिन्यांवर पोहोचेपर्यंत तिला 'टक्कल व्हायरस' हे नाव पडूनही गेले होते. कुणी खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. नमुने गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले, आणि पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. म्हणजे ज्याच्या नावाने आठवडेभर आरडाओरड झाली तो विषाणू कुणाच्या अंगात नव्हताच. अहवाल सावकाश आला, अफवा मात्र पहिल्याच दिवशी पोहोचली होती.

हा प्रसंग डुकरांचा नाही, तरी मी त्यापासून सुरुवात करतो, कारण याच जिल्ह्यात उद्या एखाद्या वराहफार्मवरच्या रक्तात 'निपाहची प्रतिपिंडे' सापडली असे छापून आले तर काय होईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. व्यावसायिक वराहपालनातल्या जनावरांची, माणसाला घातक ठरणाऱ्या विषाणूंसाठी नियमित तपासणी व्हावी, असे गेली काही वर्षे तज्ज्ञ सांगत आहेत. मागणी रास्त आहे. पण कोणता विषाणू शोधायचा, कोणत्या जनावराचे रक्त घ्यायचे आणि काही निघाले तर पुढे काय करायचे, हे आधी ठरले नसेल, तर अशा तपासणीने फायद्यापेक्षा तोटाच जास्त होईल.

बुलढाणा काही डुकरांचा जिल्हा नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे नोंदली गेली, २०१२पेक्षा १२ टक्क्यांनी कमी, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा आसामचा, २१ लाखांच्या घरात. आपल्याकडे डुक्कर म्हटले की डोळ्यांसमोर येते ते नालीत लोळणारे मोकाट गावडुक्कर, नाहीतर तूर आणि मका लोळवणारे रानडुक्कर. त्यांच्या जोडीला आता तिसरा प्रकार आला आहे : शेडमधले पांढरे यॉर्कशायर, लँडरेस आणि त्यांचे संकर. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला खर्चाच्या निम्मे, ३० लाखांपर्यंत अनुदान मिळते. त्यामुळे कापूस-सोयाबीनने हात पोळलेली तरुण मुले या धंद्याची चौकशी करू लागली आहेत. फार्म थोडे आहेत तेव्हाच तपासणीची घडी बसवणे सोपे असते. शेकडो झाल्यावर ते जमत नाही, हे जगात एकदा दिसून आले आहे.

ते दिसले मलेशियात. सप्टेंबर १९९८पासून इपोह शहराच्या आसपासच्या वराहपालकांना ताप, डोकेदुखी, बेशुद्धी असा आजार होऊ लागला. डॉक्टरांनी निदान केले जपानी मेंदूज्वराचे. निदान अगदीच खुळे नव्हते. डुकरे होती, डास होते, काही रुग्णांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणाही होत्या. मग धूरफवारणी झाली, लसीकरण झाले, आणि माणसे मरतच राहिली. जपानी मेंदूज्वर बहुतेक मुलांना गाठतो. इथे मरत होते ते डुकरे हाताळणारे प्रौढ पुरुष. लस घेतलेलेही मरत होते. शेडमधली डुकरे लांबवर ऐकू येईल असे भुंकल्यासारखे खोकत होती. हे सगळे डोळ्यांसमोर होते, पण पहिले निदान एकदा पक्के झाले की त्याच्याशी न जुळणाऱ्या गोष्टी दिसेनाशा होतात. दरम्यान घाबरलेल्या पालकांनी डुकरे स्वस्तात विकून टाकली, ट्रक दक्षिणेकडे निघाले आणि रोग नेगेरी सेम्बिलान राज्यातल्या मोठ्या वराहपट्ट्यात पोहोचला. मार्च १९९९मध्ये चुआ काव बिंग या संशोधकाने रुग्णाच्या नमुन्यातून नवा विषाणू वेगळा केला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळाले. तोवर सिंगापूरच्या कत्तलखान्यातले ११ कामगार आजारी पडले होते, त्यांतला एक दगावला. मलेशियातली नोंद २६५ रुग्ण आणि १०५ मृत्यू अशी आहे.

त्यानंतर जे झाले ते आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहे. साथीच्या पट्ट्यातली सुमारे नऊ लाख डुकरे मारून झाल्यावर मलेशियाने देशभरच्या उरलेल्या फार्मांची तपासणी हाती घेतली. प्रत्येक फार्मवरच्या किमान १५ डुकरिणींचे रक्त, तेही दोनदा. ८८९ फार्म तपासले गेले, त्यांतले ५० बाधित निघाले आणि तिथली आणखी पावणेदोन लाखांच्या आसपास जनावरे मारावी लागली. व्यावसायिक कळपांची विषाणूसाठी पद्धतशीर रक्ततपासणी म्हणजे काय, याचा वस्तुपाठ आजही हाच आहे. तो यशस्वी ठरला : त्यानंतर मलेशियातल्या डुकरांत निपाह पुन्हा उद्भवलेला नाही. पण ही तपासणी आग विझताना झाली, लागण्यापूर्वी नव्हे.

१५ हा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. फार्मवर रोग शिरला आणि कळपातल्या साधारण पाचातल्या एका जनावराला लागण होऊन गेली, तर १५ नमुन्यांत निदान एक बाधित सापडण्याची खात्री ९५ टक्क्यांच्या वर जाते. निपाह डुकरांत श्वासावाटे झपाट्याने पसरतो; शेडमध्ये शिरला की पाचातल्या एकावर थांबत नाही. म्हणून तिथे १५ पुरले. जो रोग शंभरातल्या पाचांनाच गाठतो, त्यासाठी मोठ्या कळपात तेवढ्याच खात्रीला ५९ नमुने लागतील. म्हणजे 'किती डुकरांचे रक्त घ्यायचे' याला एक ठराविक उत्तर नाही, ते विषाणूच्या स्वभावावर अवलंबून आहे. सरकारी परिपत्रकात 'प्रत्येक फार्मवरून १० टक्के नमुने' असे सरसकट वाक्य दिसले की समजावे, ते लिहिणाऱ्याने हा विचार केलेला नाही.

डुकरिणीच का? कारण व्यावसायिक फार्मवर वाढीचे डुक्कर सात-नऊ महिन्यांत टेम्पोत चढते, डुकरीण मात्र काही वर्षे राहते. मागच्या दोन-तीन वर्षांत शेडमध्ये काय येऊन गेले, त्याची नोंद तिच्याच रक्तात असते. लहान पिल्ले या कामी निरुपयोगी : त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे आईच्या चिकातून आलेली असतात आणि दोन-तीन महिने टिकतात. पिल्लाची चाचणी सकारात्मक आली तर ती आईची जुनी गोष्ट सांगते, पिल्लाची नव्हे.

मलेशियाच्या आधी आणि नंतर असे प्रसंग घडले आहेत. १९९७मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या एका फार्मवर डुकरिणींना मेलेली, विकृत पिल्ले होऊ लागली. मेनँगल हा नवा विषाणू सापडला, दोन कामगारांना त्याची लागण होऊन गेल्याचे दिसले, आणि शेजारीच फळखाऊ वटवाघळांची वसाहत होती. २००८मध्ये फिलिपिन्समध्ये डुकरांच्या श्वसनरोगाचा तपास करताना अनपेक्षितपणे रेस्टन जातीचा इबोला हाती लागला. डुकरांशी काम करणाऱ्या काही माणसांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, पण आजारी कुणीच पडले नव्हते. तरीही एका फार्मवरची सहा हजारांवर डुकरे मारली गेली. इबोला या नावाचा धसका एवढा मोठा.

आता आपल्याकडे. निपाह भारतात २००१मध्ये सिलिगुडीत आणि २००७मध्ये नदिया जिल्ह्यात दिसला, मग मे २०१८मध्ये केरळच्या कोळिकोड-मलप्पुरम भागात १७ मृत्यू झाले, आणि त्यानंतर केरळात तो अधूनमधून डोके वर काढतोच आहे. या सगळ्यांत डुकरांचा हात कुठेही सापडलेला नाही. २०१८मध्ये भोपाळच्या 'निशाद'ने, म्हणजे राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने, वटवाघूळ, डुक्कर, गाय, शेळी अशा प्राण्यांचे २१ नमुने तपासले आणि ते सगळे नकारात्मक आले. आपल्याकडचा निपाह वटवाघळाकडून थेट माणसाकडे आणि मग माणसाकडून माणसाकडे जाताना दिसतो. म्हणून डुकरांकडे दुर्लक्ष करावे, असे नाही. महाराष्ट्रातल्या वटवाघळांत विषाणूच्या खुणा आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत त्या दाखवल्या. पुढे देशभरच्या पाहणीत ज्या राज्यांत प्रतिपिंडे सापडली त्यांतही महाराष्ट्र होता. आणि शेडवर सावली पडावी म्हणून आपला वराहपालक आंबा, जांभूळ, उंबर यांखालीच जागा निवडतो. मलेशियात साथ जिथून सुरू झाली त्या फार्मवरही शेडच्या डोक्यावर फळझाडेच होती. अर्धवट खाल्लेले फळ खाली पडले, डुकराने खाल्ले, असाच तिथला मार्ग मानला जातो.

पण बुलढाण्यातल्या फार्मसाठी यादीत पहिले नाव माझ्या मते निपाहचे नाही, जपानी मेंदूज्वराचे आहे. हा विषाणू बगळ्या-ढोकरींसारख्या पाणपक्ष्यांत राहतो, क्युलेक्स डासांतून फिरतो आणि डुकरात शिरला की फोफावतो. डुकराच्या रक्तात तो दोन-चार दिवसच असतो, पण तेवढ्यात चावणारे शेकडो डास तो घेऊन जातात. वाढते डुक्कर आजारी दिसतही नाही. गाभण डुकरीण मात्र गाभ टाकते किंवा मेलेली, सुकलेली पिल्ले देते. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या धानपट्ट्यात या आजाराचे रुग्ण सापडत आले आहेत. बुलढाण्यात धान नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा, वान यांचे जलाशय आहेत, कालवे आहेत, बगळे आहेत, आणि पावसाळ्यात नालीला क्युलेक्सची कमतरता कधीच नसते. व्यावसायिक फार्ममुळे यात एका गोष्टीची भर पडते : दरवर्षी जुनी, प्रतिकारशक्ती आलेली डुकरे विकली जातात आणि विषाणूला न भेटलेली नवी पिल्ले त्यांच्या जागी येतात. विषाणूला दर पावसाळ्यात ताजे घर मिळते.

जपानने १९६०च्या दशकापासून यावर साधा उपाय केला आहे. उन्हाळ्यात कत्तलखान्यात येणाऱ्या सहा महिन्यांच्या आसपासच्या डुकरांचे रक्त ठराविक अंतराने तपासायचे. प्रतिपिंडे दिसू लागली की त्या भागात विषाणू फिरू लागला, माणसांना सावध करायचे. डुकराचे रक्त तिथे माणसासाठी धोक्याची घंटा म्हणून वापरतात, डुकरावर ठपका ठेवण्यासाठी नव्हे. हा फरक आपल्याकडे पटवणे अवघड आहे. २००५मध्ये गोरखपूर आणि आसपास या आजाराने हाहाकार माजवला, तेव्हा डुकरे गावाबाहेर काढा, हीच मागणी आधी झाली. डास मात्र गावातच राहिले. साथ आटोक्यात आणण्यात २००६पासून सुरू झालेल्या लहान मुलांच्या लसीकरणाचा मोठा वाटा आहे.

डुकरात प्रतिपिंडे सापडणे आणि माणसाला डुकराकडून रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे उत्तम उदाहरण तर आपल्या पुण्यातलेच आहे. या शतकाच्या सुरुवातीला एनआयव्हीने हिपॅटायटिस ई विषाणूचा माणसांत आणि डुकरांत शोध घेतला. डुकरांत हा विषाणू आहे हे दिसले आणि संशय बळावला. पण जनुकांची मांडणी पाहिली तेव्हा माणसांतला विषाणू प्रकार १चा आणि डुकरांतला प्रकार ४चा निघाला. आपल्या गावांतली कावीळ दूषित पाण्यातून येत होती, डुकरांकडून नाही. चांदीपुरा विषाणूचेही असेच. १९६५मध्ये नागपुरात दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला, पुढे डुकरांसह अनेक प्राण्यांत त्याची प्रतिपिंडे आढळली. पण त्याचा प्रसार करते ती वाळूमाशी.

बांगलादेशातला अनुभव याहून बोलका आहे. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तिथल्या ४४ टक्के डुकरांच्या रक्तात निपाहच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे सापडली. एवढ्यावर बातमी छापली असती तर देशभर डुकरे मारली गेली असती. पण त्याच नमुन्यांनी जिवंत निपाह विषाणूला रोखून दाखवले नाही. संशोधकांनी निष्कर्ष काढला की डुकरांना निपाहच्या कुळातला दुसराच कुणीतरी भेटून गेला असावा. पहिली एलायझा चाचणी ही चाळणी असते. तिच्यातून जे वर राहते ते विषाणू-निष्प्रभावन चाचणीने पडताळावे लागते, आणि जिवंत निपाह घेऊन ती करायची तर जैवसुरक्षेच्या चौथ्या स्तराची प्रयोगशाळा हवी. ती पुण्याला एनआयव्हीत आहे. जपानी मेंदूज्वराची चाचणीही वेस्ट नाईलसारख्या चुलतभावंडांना फसते. आकडेमोड करून पाहा : ९८ टक्के अचूकतेने निरोगी जनावराला निरोगी म्हणणारी चाचणी घेतली आणि जिल्ह्यात एकाही डुकरात निपाह नसताना ५०० नमुने तपासले, तरी सुमारे १० नमुने 'सकारात्मक' येतील. ते खोटे १० कुणाच्या तरी फार्मचे असतील, आणि त्या माणसाला उद्या बाजारात उभे राहायचे असेल.

फार्मवर रक्त घेणे कसे असते, हे कागदावर योजना आखणाऱ्यांनी एकदा जाऊन पाहावे. वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे दोरीचा फास अडकवला की डुक्कर मागे जोर लावते आणि किंचाळू लागते. त्या ओढाताणीतच ते एका जागी स्थिर राहते. मग मानेच्या उजव्या बाजूने, छातीच्या टोकाशी सुई खोल घालून मोठ्या शिरेतले पाच मिली रक्त घ्यायचे. शेडमधली बाकीची जनावरे तोवर भिंतीला धडका देत असतात. डुकराला घाम नीट येत नाही; मे महिन्यात मलकापूर-खामगावकडे पारा ४४-४५च्या पुढे जातो तेव्हा दुपारी असा खटाटोप केला तर जनावर तिथेच पडेल. म्हणून काम पहाटे उरकायचे. नळी तिरपी ठेवून रक्त गोठू द्यायचे, वरचे पिवळसर रक्तजल वेगळे करायचे आणि मगच थंड करायचे. घाईने अख्खी नळी बर्फात गाडली की तांबड्या पेशी फुटतात, रक्तजल लाल होते आणि नमुना वाया जातो. हातमोजे, एन-९५ मास्क, डोळ्यांवर चष्मा हे निपाहचा संशय नसतानाही हवे. आणि संशय असेल तर उघड्यावर शवविच्छेदन अजिबात करू नये. उत्साही सहाय्यकाने बांधावर डुक्कर फाडून बघणे ही आपल्याकडची सर्वांत धोकादायक सवय आहे.

यापुढचा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. फार्मच्या फाटकावर वराहपालक विचारतो, "डॉक्टरसाहेब, रक्त घ्या, पण उद्या काही निघालं तं आमचं काय?" त्याला माणसांच्या रोगापेक्षा भीती असते ती आफ्रिकन स्वाइन फीव्हरची. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांत शिरला की कळप जवळजवळ संपवतो. २०२०मध्ये तो आसाम आणि अरुणाचलातून भारतात शिरला, २०२२मध्ये केरळात वायनाडला आणि आपल्या शेजारी मध्य प्रदेशात पोहोचला. रोग दिसला की फार्मभोवतीच्या ठराविक टापूतली सगळी डुकरे मारायची, असा नियम आहे. भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. पण पैसे हाती पडायला किती महिने लागतील, हे सांगणारा अधिकारी फाटकावर कधी नसतो. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अनुसूचित रोगाचा संशय आला तर मालकाने कळवणे बंधनकारक आहे. कायदा खरा आहे, पण ज्याला कळवल्याबद्दल शिक्षा झाल्यासारखी वाटते तो कळवत नाही, रातोरात माल विकतो. इपोहमध्ये नेमके हेच झाले होते.

लम्पीच्या वेळी, २०२२मध्ये, बुलढाणा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. तेव्हा गाईंसाठी सगळी यंत्रणा धावली, लस आली, भरपाईही जाहीर झाली. डुकराच्या मालकाला तशी सहानुभूती मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. डुकरांबद्दलचा आपला तिटकारा तपासणीच्या आड येतो, हे मोकळेपणाने मान्य केलेले बरे. २००९मध्ये 'स्वाइन फ्लू'ची साथ पुण्यात आली, ३ ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू तिथेच झाला. तो फ्लू माणसाकडून माणसाला होत होता, पण नावात डुक्कर होते, एवढ्यावरच लोक डुकरांकडे बोट दाखवू लागले.

यंत्रणेतली आणखी एक फट सांगायला हवी. जनावराचा नमुना तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून जिल्ह्याला, तिथून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि गरज पडली तर भोपाळला जातो. त्याच फार्मवर काम करणाऱ्या मजुराला ताप आला तर त्याचा नमुना आरोग्य विभागाच्या वाटेने जातो. या दोन वाटा शेवटी कुठे भेटतात, ते फार्मवर कुणालाच सांगता येत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात 'राष्ट्रीय वन हेल्थ संस्थे'ची पायाभरणी झाली, ती हे दोन प्रवाह एकत्र आणण्यासाठीच. चांगली गोष्ट. पण त्यासाठी इमारतीची वाट पाहायची गरज नाही. जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त आणि जिल्हा शल्यचिकित्सक एकाच दिवशी एकाच फार्मवर माणसे पाठवू शकतात. डुकरिणीचे रक्त आणि संमती घेऊन मजुराचे रक्त एकाच सकाळी घेतले, तरच पुढे दोन्हींची तुलना करता येते.

मग बुलढाण्यात करावे काय? माझे मत स्पष्ट आहे. सगळ्या विषाणूंची सरसकट मोहीम नको. इबोलासारख्या नावांसाठी तर नकोच. तेवढा खर्च लेप्टोस्पायरोसिससारख्या जुन्या, जिवाणूजन्य आणि बऱ्या होणाऱ्या रोगांकडे लावला तर मजुरांचे जीव वाचतील. जपानी मेंदूज्वरासाठी मात्र दोन-तीन फार्मवर दरवर्षी काही पिल्ले कानात बिल्ला मारून ठेवावीत. ती तीन महिन्यांची झाली की पावसाआधी एकदा, मग ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचेच रक्त तपासावे. डुकरांसाठीचा एलायझा संच बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने २०१९मध्येच आणला आहे, तेव्हा परदेशी संचाची सबबही उरत नाही. निपाहसाठी फळझाडांखालच्या आणि वटवाघळांच्या वसाहतीजवळच्या फार्मवरच्या १५-१५ डुकरिणी वर्षातून एकदा पुरेत, आणि पडताळणी झाल्याशिवाय तालुक्यालाही निकाल कळवू नये. घेतलेल्या प्रत्येक नमुन्यातले थोडे रक्तजल अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत गोठवून जपावे. उद्या नवा विषाणू आला तर तो इथे कधीपासून होता, हे त्या जुन्या नळ्याच सांगू शकतील. आणि रक्त घेण्यापूर्वी मालकाच्या हातात लेखी कागद द्यावा : निकाल कुणाला कळेल, जनावरे मारावी लागली तर किती रुपये, किती दिवसांत मिळतील. हा कागद नसेल तर बाकी सगळी योजना व्यर्थ आहे.

वराहपालकांसाठीही दोन शब्द. शेडवर येणाऱ्या आंब्या-जांभळाच्या फांद्या छाटा किंवा शेडला जाळी लावा. हॉटेलचे खरकटे उकळल्याशिवाय घालू नका. शेडमागचे रानडुकरांचे येणे कुंपण घालून बंद करा. एकाच महिन्यात दोन-तीन डुकरिणींनी गाभ टाकला, किंवा डुकरे वेगळ्याच आवाजात खोकू लागली आणि त्याच आठवड्यात कामगाराला ताप आला, तर जनावर विकू नका, फाडू नका. त्याच दिवशी १९६२ या क्रमांकावर पशुसंवर्धन विभागाला फोन करा, आणि मजुराला दवाखान्यात नेताना तो डुकरांत काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.